ज्याचं म्हणणं, त्यानं सांगावं

वैशाले,

परवा दौंडच्या विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. माणसं इतकी आली की बाहेर मांडव घालावा लागला. तुझ्या कंपनीचे लोक आले, रेल्वे क्वार्टरमधल्या बाया आल्या, आपल्या गावाहून जीप भरून आली. बोलणारे पुष्कळ बोलले. एकजण तर तुझ्यापेक्षा स्वतःवरच जास्त बोलला. तू असतीस तर त्याला कोपरानं ढोसलं असतंस. सगळ्यांनी मिळून तुला पार गोड करून टाकलं. मनमिळाऊ म्हणाले, हसतमुख म्हणाले, शांत म्हणाले. मला कळेना हे कुणाचं चाललंय. तू शांत नव्हतीस. शांत राहायला शिकली होतीस, आणि ते शिकताना घरातल्या कितीतरी कपांचे कान तुटले.

मग तुझा नवरा माझ्या खुर्चीजवळ येऊन वाकला. "आई, तुम्हाला त्रास नको. तुमच्या वतीनं दोन शब्द मीच बोलतो."

मी म्हणाले, "मिलिंदराव, माझ्या वतीनं कुणी बोलायचं न्हाई."

ते बिचारे मागं सरले. शेजारच्या बायांना वाटलं, म्हातारी दुःखानं चिडली. दुःख होतंच. पण तसं का म्हणाले ते त्यांना माहीत नव्हतं, आणि तुलाही नव्हतं. तेच सांगायला बसले आहे. चौथी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, तेव्हा सवयीप्रमाणं माझी वाक्यं दुरुस्त करत बसू नकोस.

आपलं भांडण कुठून सुरू झालं ते आधी सांगते. तू शिरूरच्या कॉलेजातून बी.ए. झालीस. मी तेव्हा अंगणवाडीत मदतनीस होते. एक दिवस पोरांची खिचडी उरकून घरी आले, तर तू दारातच उभी.

"आई, मला पुण्याला जनसंपर्काचा कोर्स करायचाय."

"त्यात काय करायचं असतं?"

"कंपनीचं म्हणणं लोकांना सांगायचं, लोकांचं कंपनीला सांगायचं."

"म्हंजी दवंडी."

"दवंडी नव्हं गं आई."

"दवंडीच. माझ्या बापानं गळ्यातलं डफडं उतरवलं, आन् तू फी भरून गळ्यात घालून घ्यायला निघालीस व्हय?"

माझ्या बापाकडं गावची दवंडी होती, एवढं तुला माहीत होतं. पाटलाचा निरोप, बापाचं तोंड. डफडं बडवत गावभर ओरडायचं. आपल्या लोकांच्या माथी मारलेली कामं होती ती, नाही म्हणायची सोय नव्हती. धम्म घेतल्यावर आपल्या लोकांनी ती सोडली. तुझ्या कानावर एवढंच होतं. त्याच्या पुढचं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तू त्या दिवशी रडली नाहीस. म्हणालीस, "आबांना कुणी विचारत न्हवतं काय सांगायचं ते. मला विचारतील."

"तुला कोण विचारतंय?"

"विचारायला लावीन."

हे आपलं भांडण. तू मरेपर्यंत मिटलं नाही.

गेलीस पुण्याला. तुझ्या मावशीच्या घरी पडवीत झोपलीस, शनिवारी एस.टी.नं घरी यायचीस. आल्या आल्या कपाटाच्या आरशापुढं उभी राहायचीस आणि स्वतःची ओळख स्वतःलाच इंग्रजीत करून द्यायचीस. चुकलं की कपाळावर हात मारून घ्यायचीस आणि पहिल्यापासून. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण दिसत तर होतं. मी म्हणाले, "तोंड आरशाकडं आन् डोळं जमिनीकडं. साहेब काय जमिनीत पुरलाय?" तू फिसकन हसलीस. मग डोळे वर केलेस. त्यानंतर तुझे डोळे कुणापुढं खाली गेलेले मी पाहिले नाहीत. त्याचं श्रेय मी घेत नाही. मी नुसती टोचून बोलले होते. वर बघायला तुझी तू शिकलीस.

पहिल्या मुलाखतीहून आलीस तेव्हा मी भाकरी थापत होते. सगळं सांगितलंस. पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, तीन माणसं समोर होती. त्यातल्या एका बाईनं विचारलं, तुमच्या घरात या क्षेत्रात आधी कुणी होतं का?

"मग काय सांगितलं?"

"न्हाई म्हणाले. खरंच न्हाई ना कुणी."

मी भाकरी तव्यावर टाकली.

नोकरी लागली. आपल्या गावाला लागूनच कंपनी, आणि तिथंच तुला टेबल मिळालं. सुरुवातीला तुझं काम काय होतं, तर कंपनीच्या मासिकात कुणाचा वाढदिवस, कुणाचा सत्कार ते छापायचं. मी तुला सोडलं नाही. "साहेबाच्या गळ्यात हार घातल्याला फोटो छापायला इतकं शिकलीस?" तू म्हणायचीस, "आई, आज हाराचा फोटो छापते. उद्या हार कुणाला घालायचा ते मीच सांगन." तोंडाला हार जाणारी नव्हतीसच.

लग्न होऊन दौंडला गेलीस तरी शिकणं सुटलं नाही. कंपनी तुला कसल्या कसल्या ट्रेनिंगला पाठवायची. एकदा आठवडाभराचं होतं, कंपनीवर संकट आलं तर लोकांपुढं कसं बोलायचं त्याचं. त्याचा सराव करायला तू माझ्याकडं आलीस. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्यास आणि म्हणालीस, "आई, तू गावकरी हो. चिडलेली. मला वाट्टेल ते बोल."

"त्याला ट्रेनिंग कशाला पायजे? आमच्या पोरांना कायम का करत न्हाई तुझी कंपनी?"

"आम्ही तुमच्या भावना समजून घेतो, मावशी."

"भावना घाल चुलीत. कायम करता का न्हाई ते सांग."

मग मी सुटले. कंपनीचा धूर काढला, रस्त्यावरचे खड्डे काढले, शेजारच्या कारेगावात खोल्यांची भाडी कशी वाढली ते काढलं, तुझ्या साहेबाची गाडी कशी धूळ उडवत जाते तेही काढलं. पहिल्यांदा तू मधे मधे बोलायला बघितलंस. मग गप बसलीस. पुढं वाकून, हात मांडीवर ठेवून, माझ्याकडं बघत. तुझा चेहरा असा की मी बोलते ते जगात पहिल्यांदाच कुणीतरी बोलतंय. माझ्या शिव्या संपल्या. खरंच संपल्या. मग तू विचारलंस, "मावशी, आता सांगा, यातलं आधी काय व्हायला पायजे?"

बोलायला एवढं होतं आणि मागायला काय ते ठरवलंच नव्हतं. तू जिंकलीस आणि टाळी वाजवलीस. मी म्हणाले, "च्या ठेव." पण मनात म्हणाले, पोरगी तयार झाली.

तू मोठी झालीस तसा तुझ्या डोक्यात आणखी एक किडा शिरला. दौंडच्या विहारात रविवारी पोरींना शिकवायला लागलीस. मुलाखतीला कसं बसायचं, बोलायचं कसं, असल्या नोकऱ्यांची तयारी कशी करायची. कुणी नर्सची पोरगी, कुणी गँगमनची, कुणी ऊसतोडीला जाणाऱ्यांची. मी एकदा मागं बसून पाहिलं. एका पोरीनं भाषण पाठ करून आणलं होतं, घडाघडा म्हणून दाखवलं. तू म्हणालीस, "कुणापुढं बोलायचं ते माहीत न्हाई आन् काय बोलायचं ते पाठ केलंस. जा, आधी लोकांत उभी राहा." पोरींना तू नळावर, रेशनच्या दुकानापुढं, एस.टी. स्टँडवर नुसतं ऐकायला पाठवायचीस. ती कोमल, दाताला तार लावलेली, स्टेशनच्या तिकीट खिडकीपुढं उभी राहून आली आणि तिथली सगळी भांडणं आवाजासकट करून दाखवली. विहारात हसून हसून पुरेवाट. तू म्हणालीस, "आता तुला शिकवते. तुला कान हायेत."

त्याच सुमाराला तू मला पहिल्यांदा विचारलंस. "आई, आबा दवंडी द्यायचे ती कशी? कुठं उभे राह्यचे? आधी डफडं का आधी हाक? मला पोरींना सांगायचंय."

मी म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या गळ्यात परत डफडं घालू नको."

तू दर दिवाळीला विचारायचीस. मी दर दिवाळीला तेच सांगायचे. तू काही लाजेनं विचारत नव्हतीस, अभिमानानं विचारत होतीस. मला कळत होतं. तरी मी सांगितलं नाही. ती गोष्ट माझ्या बापाची होती, वर्गात सांगायची नव्हती.

आता ते पाण्याचं. ते मला लिहायचंच आहे, कारण परवा विहारात त्यावर कुणीच बोललं नाही. कंपनीचे लोक शेजारी बसले होते ना.

तू नणंदेच्या लग्नासाठी रजेवर होतीस. इकडं कंपनीच्या मागच्या ओढ्याला वास यायला लागला. ओढ्याकाठीच गावाची प्यायच्या पाण्याची विहीर. दोन-चार जणांनी कुरकुर केली, बाकी कुणाचं लक्षही नव्हतं. तुझ्या साहेबाला वाटलं, बोभाटा व्हायच्या आत लोकांना धीर द्यावा. त्यानं काय केलं, ग्रामपंचायतीच्या घंटागाडीच्या भोंग्यावर निरोप लावला. सकाळी कचऱ्याची गाडी गल्लीतनं निघाली, आणि गाण्याऐवजी त्यातनं एक बाई बोलायला लागली, "नागरिकांनी घाबरून जाऊ नये. पाण्याबाबत काळजीचे कारण नाही."

झालं. तोवर घाबरलं कोण होतं? गाडी पुढच्या गल्लीत जाईस्तोवर मागच्या गल्लीतल्या बायांनी हंडे रस्त्यावर ओतले. एक म्हणाली, जनावरं मेली. एक म्हणाली, पलीकडच्या वस्तीवर पोरं दवाखान्यात नेली. काही नव्हतं तसलं. पण भोंगाच सांगतोय घाबरू नका, म्हणजे काहीतरी असणारच. दुपारपर्यंत सगळं गाव माझ्या दारात. "वैशीची आय, तुझी पोरगी हाय ना कंपनीत? विचार तिला, पानी प्यायचं का न्हाई?"

मी सगळ्यांदेखत फोन लावला. मागं सनई वाजत होती.

"वैशाले, पानी प्यायचं का न्हाई?"

तू म्हणालीस, "आई, मला अजून माहीत न्हाई. कळेस्तवर पिऊ नको. आन् तिथं जे उभे हायेत त्यांनाबी सांग, मी सांगितलंय म्हणून सांग."

मी फोन ठेवला आणि मग घाबरले. पाण्यासाठी नाही. साहेबानं काळजी नाही म्हणून सांगितलं होतं आणि तू गावाला उलट सांगितलंस, स्वतःचं नाव घालून. तुझी नोकरी गेली असं मी धरून चालले. घराचे हप्ते तुझ्या पगारावर चालले होते.

तू हळदीच्या अंगानंच परत आलीस. माझ्याकडं न येता सरळ कंपनीत गेलीस. आत काय झालं ते पुढं तू मला तुकड्या तुकड्यानं सांगितलंस. साहेब म्हणाला, मॅडम, तुम्ही कंपनीच्या विरोधात बोललात. तू म्हणालीस, मला माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाले. साहेब म्हणाला, आता तुम्हीच निस्तरा, संध्याकाळच्या सभेत तुम्ही बोला, तुम्ही त्यांच्यातल्या आहात, तुमचं ऐकतील. तू विचारलंस, सांगायचं काय? तो म्हणाला, तेच, काळजीचं कारण नाही. तू म्हणालीस, खरं काय आहे ते आधी मला दाखवा. आणि त्याला बुटासकट ओढ्यात नेलंस. कंपनीच्या सांडपाण्याच्या टाकीचा पाइप फुटला होता.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सगळं गाव. मी बायांत मागं बसले होते. साहेबानं माइक हातात घेतला, नमस्कार केला आणि माइक तुझ्याकडं सरकवला. तू हात पुढं केला नाहीस. माइक तसाच मधे. मग तू उभी राहिलीस आणि माइकशिवायच बोललीस.

"मी बोलायला उठली न्हाई. ज्याचं म्हणणं हाय, त्यानंच सांगावं. साहेब सांगतील. मी हितंच बसलीय. त्यांनी टाळलं तर मी विचारीन."

आणि खाली बसलीस.

शेजारची शांताबाई मला म्हणाली, "काय धाडसाची पोरगी गं." माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो तुझ्या धाडसाचा नव्हता.

साहेबाला घाम फुटला. पण बोलला. मोडक्या मराठीत बोलला, पाइप फुटला, घाण पाणी ओढ्यात गेलं, विहिरीत गेलं का ते तपासायला दिलंय, निकाल येईस्तोवर कुणी प्यायचं नाही, टँकर कंपनी देईल. मग तुझ्याकडं बघितलं. तू मान हलवलीस. मग म्हणाला, "चूक आमची आहे. भोंग्यावरनं बोललो, तीपण चूक आहे." लोक ओरडले, शिव्या दिल्या. तो उभा राहिला. कसं उभं राहायचं ते तूच त्याला दुपारभर शिकवलं होतंस, हे मला मागून कळलं. माझ्यावर केलेला सराव त्याच्या कामी आला म्हणायचा.

नोकरी गेली नाही. उलट त्यानंतर तुला विचारल्याबिगर कंपनी गावाशी एक शब्द बोलली नाही. तू म्हणाली होतीस विचारायला लावीन, लावलंस.

सभा सुटल्यावर घरी आलीस. पायातल्या जोडव्यांवर अजून हळद होती. "आई, कसं झालं?"

मी म्हणाले, "साहेब लई घामाघूम झालता. च्या घे."

खरं सांगायची ती वेळ होती. मी चहा दिला. असो. मी तशीच आहे, तुला माहीत होतं.

दुखण्याबद्दल मी लिहिणार नाही. ते तुझं आणि माझं. फक्त एवढंच, की दवाखान्यातही तू विचारलंस. "आई, आबा कुठं उभे राह्यचे, सांग की आता." मी म्हणाले, "बरी हो, मग सांगते." वाटलं, ऐकायच्या हट्टानं तरी उठशील. तू हसून म्हणालीस, "बरं, ठरलं." ठरलेलं तू पाळलं नाहीस. मी पाळते.

ऐक. आबा चावडीपुढं उभे राहायचे, मग पिंपळाखाली, मग तेल्याच्या घाण्यापाशी, मग आपल्या वस्तीच्या तोंडाशी. वरच्या आळीत जायची परवानगी नव्हती. तिथं रस्त्यावरनंच ओरडायचं, तेही आत न बघता. आधी डफडं, मग हाक. वाचता येत नव्हतं, म्हणून निरोप तोंडात घोळवत चालायचे. मी मागं मागं असायचे, पण वाटेत माझ्याशी बोलायचे नाहीत. बोलले तर निरोप सांडेल म्हणायचे.

एकदा पाटलाच्या माणसानं सांगितलं, उद्या चावडीवर गोरगरिबांना सरकारी धान्य वाटणार. आबांनी सगळीकडं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आपली माणसं पोती घेऊन उन्हात बसली. कुणी आलं नाही. धान्य आधीच पाटलाच्या सोयऱ्यांत वाटून झालं होतं. लोक चिडले. पाटलाला बोलायची कुणाची छाती? सगळे आपल्या दारात आले आणि आबांना खोटारडा म्हणाले. आपलीच माणसं. एका म्हातारीनं उंबऱ्यावर थुंकलं.

आबा चावडीवर विचारायला गेले. पाटील हसला. म्हणाला, "तू तोंड हायेस. तोंडानं कवापासनं इचारायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी डफडं गळ्यात घातलं. मला वाटलं, नवीन निरोप असेल. चावडीपुढं उभे राहिले, पिंपळाखाली राहिले, घाण्यापाशी राहिले, वस्तीच्या तोंडाशी राहिले. आणि मग वरच्या आळीत शिरले, मधोमध, दोन्हीकडं बघत. मी मागं होते. सगळीकडं एकच दवंडी दिली.

"ऐका हो ऐका. धान्याचा निरोप माझा न्हवता. आजपास्नं मी कुणाचं तोंड न्हाई. ज्याचं म्हणणं हाय, त्यानंच सांगावं."

डफडं चावडीच्या खुंटीला अडकवलं आणि घरी आले. त्या गावात मग आपल्याला काम मिळालं नाही. बिऱ्हाड उचलून आम्ही घोडनदीच्या अलीकडं आलो, आबांनी रस्त्याची खडी फोडली. एकदाही हळहळले नाहीत. ती गोष्टही परत कधी काढली नाही. ती दवंडी ऐकलेली घरात मी एकटीच उरले.

शाळेच्या पटांगणात तू माइक न घेता उभी राहिलीस आणि तेच शब्द बोललीस. मी तुला ते कधी सांगितले नव्हते. कुणीच सांगितले नव्हते.

तुझं काम दवंडीच होतं, असं मी अजूनही म्हणते. ते भांडण मी सोडणार नाही, तू नाहीस म्हणून तर मुळीच नाही. पण माझ्या बापानं जी शेवटची दिली, तसली दवंडी होती ती.

येत्या रविवारी विहारात तुझा वर्ग भरणार आहे. कोमल घेणार आहे, तिच्या दाताची तार निघाली. मिलिंदराव म्हणाले, आई, लिहिलंय ते द्या, मी वाचून दाखवतो, तुमचा आवाज पुरायचा नाही. मी दिलं नाही. माझं मीच वाचणार आहे, उभी राहून. पोरींना आबा कुठं उभे राहायचे तेही सांगणार आहे.

आणि तुझी पहिली मुलाखत दुरुस्त करणार आहे. पंख्याखालच्या त्या बाईनं विचारलं होतं, घरात या क्षेत्रात आधी कुणी होतं का. तू नाही म्हणालीस. उत्तर चुकलं, वैशाले. होता. माझा बाप होता.

तुझी आई